सातव्या महिन्यात वजन अडकलं म्हणून जेवण तोडू नका

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय 41, उंची 158 सेंटिमीटर, ऑपरेशनच्या दिवशी वजन 112 किलो. स्लीव्ह, म्हणजे वजन उतरवण्यासाठी जठराचा मोठा भाग काढून नळीएवढं जठर ठेवण्याचं ऑपरेशन, होऊन सात महिने झाले. वजन 84 पर्यंत आलं आणि गेले पाच आठवडे तिथून हललं नाही. म्हणून तुम्ही रात्रीचं जेवण बंद केलंत, चालणं दोन तासांवर नेलंत, तरी काटा 83.8 आणि 84.2 च्या मध्येच फिरतोय. घरात ‘एवढे पैसे घालून काय मिळालं’ हे ऐकावं लागतंय. पोट पुन्हा मोठं झालं का, पाच दिवस नुसतं पातळ घेऊन ते ‘रिसेट’ होतं का, आणि येत्या नवरात्रात नऊ दिवस उपास धरले तर वजन हलेल का, असे तीन प्रश्न तुम्ही विचारलेत.

मी सोळा वर्षं बॅरिअ‍ॅट्रिक, म्हणजे लठ्ठपणाची ऑपरेशनं करणाऱ्या, टीमबरोबर आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. वजन अडकलं म्हणून रडकुंडीला आलेलं माणूस समोर बसलं नाही असा आठवडा क्वचित जातो, आणि बहुतेकांनी तोवर तुमच्यासारखंच केलेलं असतं, आणखी कमी खाल्लेलं असतं. म्हणून सगळ्यात आधी हे सांगते: आज रात्रीपासून जेवण परत सुरू करा. कारणं पुढे देते.

आधी तुमच्याच आकड्यांचा हिशेब करू. 28 किलो उतरले, म्हणजे मूळ वजनाचे बरोबर 25 टक्के. आपल्या भारतीय बांध्याला बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) 23 च्या आत हवा असं धरतात, त्या हिशेबाने तुमच्या उंचीला 57 किलोच्या आसपास वजन यायला हवं. 112 वरून पाहिलं तर जास्तीचं वजन 55 किलो, आणि त्यातलं निम्मं सात महिन्यांत गेलं. स्लीव्हनंतर वर्षअखेर मूळ वजनाच्या 25 ते 30 टक्के वजन उतरलं तर आम्ही त्याला चांगला निकाल म्हणतो. तुम्ही त्या पट्ट्यात आत्ताच पोचला आहात. शिवाय उतरण्याचा काळ अजून संपलेला नाही, बहुतेकांचं वजन 12 ते 18 महिन्यांच्या दरम्यान सगळ्यात खाली जातं. पैसे कुठे गेले असं घरी कुणी विचारलं तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.

मग अडकलं कशाने? नुसतं पडून राहायलाही शरीराला इंधन लागतं. तुमचं वय, उंची धरून सूत्राने काढलं तर 112 किलोच्या शरीराला त्यासाठी दिवसाला साधारण 1740 कॅलरी लागत होत्या, 84 किलोच्या शरीराला 1460 लागतात. म्हणजे काहीही न बदलता रोजचा खर्च 280 कॅलरींनी, दोन-अडीच पोळ्यांएवढा, कमी झाला. त्यात पूर्वी तुम्ही जिना चढताना अंगावर 28 किलो जास्तीचे वाहत होतात. तांदळाचं पंचवीस किलोचं पोतं आणि वर तीन किलो. ते उतरल्यावर तोच जिना शरीराला स्वस्तात पडतो. सहा महिने ज्या जेवणावर वजन उतरत होतं, ते जेवण आता या शरीराला जवळजवळ पुरायला लागलं आहे.

याच्या वर शरीर स्वतःहून काटकसर करतं. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवून अभ्यास केला होता. त्या तरुणांच्या शरीराचा खर्च त्यांच्या घटलेल्या वजनाच्या मानानेही जास्त घसरला होता. तुम्ही रात्रीचं जेवण तोडलंत तेव्हा याच काटकसरीला आणखी कारण दिलंत. अशा वेळी प्रथिनं पुरेशी नसतील तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं, आणि स्नायू कमी झाले की रोजचा खर्च आणखी खाली येतो.

काट्यावरच्या आकड्यात पाणीही असतं. स्नायू आणि यकृतात साठलेली साखर प्रत्येक ग्रॅममागे जवळजवळ तीन ग्रॅम पाणी धरून ठेवते. ऑपरेशननंतर पहिल्या पंधरवड्यात हा साठा रिकामा होतो, म्हणून वजन धाडधाड उतरतं, आणि तिसऱ्या आठवड्यात ते पहिल्यांदा अडकतं. तो टप्पा तुमचा केव्हाच मागे पडला, पण पाण्याचा खेळ चालूच असतो. पाळी येण्याआधीचे दिवस, बद्धकोष्ठता, एकदम वाढवलेलं चालणं, या सगळ्यात दीड-दोन किलो सहज इकडचे तिकडे होतात आणि आत कमी झालेली चरबी झाकली जाते.

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही ओझरतं लिहिलंय की दोन-दहाच्या बांगड्या आता हातातून गळतात, दोन-सहाच्या घेतल्या, आणि मागच्या पंधरवड्यात ब्लाउज दोन्ही बाजूंनी पुन्हा आत घ्यायला टेलरकडे दिलेत. ताई, वजन अडकलेल्या त्याच पाच आठवड्यांतला हा पंधरवडा आहे. मला तुमच्या पूर्ण प्रश्नात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाक्य वाटलं. काटा थांबला असेल, शरीर थांबलेलं दिसत नाही. चार आठवडे वजनही हललं नाही आणि मापंही हलली नाहीत, तरच मी त्याला खरं अडकणं म्हणते. म्हणून आजच टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध पोटाचा घेर मोजा, दंड आणि मांडी मोजा, तारीख घालून लिहून ठेवा. वजन आठवड्यातून एकदाच, त्याच वाराला, सकाळी पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर. रोज तीनदा काट्यावर उभं राहणाऱ्या एक बाई माझ्याकडे येत असत. त्यांच्या वहीत एका दिवसात दीड किलोचा फरक होता, आणि त्या दीड किलोवर त्यांचा सगळा दिवस चांगला किंवा वाईट ठरायचा. मी त्यांना काटा शेजारणीकडे ठेवायला लावला होता.

आता तुमचं ताट. तीन दिवसांचं खाणं प्रामाणिकपणे लिहून पाठवलंत, फार बरं केलंत. सकाळी चहा आणि दोन बिस्किटं, मग अर्धी वाटी पोहे. अकराला केळं. दुपारी अर्धी पोळी, भाजी, दोन चमचे वरण. चारला चहा-टोस्ट. सहाच्या सुमारास चुरमुऱ्याचा चिवडा. रात्री पूर्वी अर्धी वाटी वरणभात, आता नुसतं कपभर दूध. यातली प्रथिनं मी मोजली. वरणभात धरूनही 26-28 ग्रॅमच्या वर जात नाहीत. तुम्हाला दिवसाला निदान 60 ग्रॅम हवीत, 70 झाली तर उत्तम. केस मूठमूठ गळतात असं लिहिलंत, त्याचं एक कारण इथे आहे. ऑपरेशननंतर तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात थोडे केस बऱ्याच जणांचे गळतात आणि परत येतात, पण प्रथिनं आणि लोह कमी असेल तर गळणं लांबतं.

दुसरी गोष्ट, तुमच्या यादीतला बराचसा माल पोटात टिकणारा नाही. बिस्किट, टोस्ट, खारी, चिवडा, शेव, हे सगळं चहाबरोबर किंवा लाळेनेच विरघळून स्लीव्हच्या नळीतून सरकून जातं. पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि अर्ध्या तासाने हात पुन्हा डब्याकडे जातो. उलट उसळ, पनीर, अंडं चावून खाल्लं की चार-सहा घासांत पोट ‘बस’ म्हणतं. ऑपरेशनने दिलेलं बंधन घट्ट अन्नावर चालतं, मऊ आणि विरघळणाऱ्या अन्नावर जवळजवळ चालत नाही. सातव्या महिन्यात माणसं नकळत त्या सोप्या अन्नाकडे सरकतात, कारण पहिल्या दिवसांत घट्ट घास अडकल्याची, उलटी झाल्याची भीती मनात राहिलेली असते. ही भीती खरी आहे, तिच्यावर कुणी हसू नये. पण आता लहान घास, वीस-पंचवीस वेळा चावणं, घासाघासात चमचा खाली ठेवणं एवढं सांभाळलं तर घट्ट अन्न उतरतं.

वहीत न येणारं खाणंही असतं. एका गृहिणीची वही अगदी स्वच्छ होती, वजन मात्र दोन महिने जागचं हलत नव्हतं. मी तिला म्हटलं, संध्याकाळी पाच ते आठ तू स्वयंपाकघरात काय काय करतेस ते मला हातांनी करून दाखव. ती बसल्या बसल्या करायला लागली. दाण्याचं कूट करताना एक चिमूट तोंडात, मुलांच्या भेळेवर शेव घालताना चिमूटभर तोंडात, आमटीची चव दोनदा, मुलाच्या डब्यात उरलेला पोळीचा रोल ‘टाकायचा कशाला’ म्हणून. तिसऱ्यांदा हात तोंडाकडे गेला आणि तिथेच थबकला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी तिला तेव्हा सांगितलं तेच तुम्हाला सांगते: हा गुन्हा नाही, तीस वर्षांची हाताची सवय आहे. मूठभर दाणे, वीस ग्रॅम धरा, 110-115 कॅलरी होतात. डब्यात उरलेलं दुसऱ्या डब्यात काढून फ्रिजमध्ये ठेवायचं आणि चव बघायला घरातल्या दुसऱ्या कुणाला हाक मारायची, एवढाच बदल तिने केला.

तुम्ही अंडी खाता, मांस-मासे नाही, असं लिहिलंय. मग असं बसवा. सकाळी पोह्यांऐवजी दोन अंडी, म्हणजे 12 ग्रॅम. नको त्या दिवशी मुगाच्या डाळीचं धिरडं आणि त्यात किसलेलं पनीर. अकराला केळ्याऐवजी कपभर दुधात प्रोटीन पावडरचा एक चमचा, तुमच्या सर्जनने सांगितलेलीच, डब्यातल्या मापाच्या चमच्याने. त्यातून 25 ग्रॅमच्या आसपास येतात. दुपारी ताटात आधी पनीर साठ ग्रॅम किंवा मटकीची घट्ट उसळ, मग भाजी, आणि जागा उरली तर पाव भाकरी. क्रम उलटा करू नका, भाकरी आधी खाल्ली की पनीर उरतंच. वरण पळीवाढं असतं तसं नको, चमचा उभा राहील इतकं घट्ट हवं. पातळ वरणात डाळ फार थोडी असते. चारच्या चहाबरोबर टोस्ट नको, त्या वेळी दोन-तीन चमचे दह्याचा चक्का, बिनसाखरेचा, वरून जिरेपूड. रात्री वीस ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्यांची भाजी म्हणजे आणखी 10 ग्रॅम. बेरीज साठाच्या पुढे जाते. मुलांना हेच ताट चालतं, तुमच्यासाठी वेगळा स्वयंपाक मांडायची गरज नाही. पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने, दिवसभरात घोटघोट करत दीड-दोन लिटर. घासाबरोबर पाणी घेतलं तर अन्न लवकर खाली सरकतं.

जे खाल ते पाच ठरलेल्या वेळांना खा. मधल्या वेळात चरत राहणं बंद झालं तर बाकी बदल निम्मे सोपे होतात.

चालणं दोन तास नको. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, मध्ये थोडं झपाट्याने, पुरे आहे. वाचलेल्या वेळात आठवड्यातून तीन दिवस, एक दिवस आड, स्नायूंना कामाला लावा. सात महिने झाले आहेत, त्यामुळे सर्जनची परवानगी मिळायला हरकत नसावी, तरी एकदा विचारून घ्या. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं दहा वेळा. भिंतीला हात लावून पुशअप दहा. लिटरभर पाण्याच्या दोन बाटल्या हातात घेऊन दंडाचे व्यायाम. पायरीवर उभं राहून टाचा वर-खाली. असे तीन फेरे, वीस मिनिटांत होतात. पंधरा दिवसांनी बाटल्या दोन लिटरच्या घ्या. सुरुवातीला यानेच वजन अर्धा-पाऊण किलो वाढलेलं दिसेल, थकलेले स्नायू पाणी धरतात म्हणून. तेव्हा घाबरून सोडू नका.

तुमच्या गोळ्यांच्या यादीत एक गोष्ट माझ्या डोळ्यांत भरली. सकाळी सहाला थायरॉइडची गोळी आणि सातला चहाबरोबर कॅल्शियम. कॅल्शियम आणि लोह दोन्ही थायरॉइडच्या गोळीला शरीरात नीट शोषू देत नाहीत. मध्ये चार तासांचं अंतर हवं. कॅल्शियम दुपारी आणि रात्री घ्या, लोह त्याच्यापासून दोन तास लांब. टीएसएच, म्हणजे थायरॉइडचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा, तपासून घ्या, तो वाढलेला निघाला तर अडकलेल्या वजनाला आणि बद्धकोष्ठतेला तेही एक कारण असेल. त्याच रक्तात हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा), बी-12, ड जीवनसत्त्व आणि अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) बघून घ्या. पाळी आता नियमित झाली आहे असं तुम्ही आनंदाने लिहिलंय. वजन उतरलं की गर्भ राहण्याची शक्यताही वाढते, आणि ऑपरेशननंतर 12 ते 18 महिने तरी गर्भधारणा टाळायची असते. पाळी लांबली आणि वजन अडकलं तर आधी ती तपासणी करायची, हे माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तरुण बाईला सांगते. संधिवाताचे स्टेरॉइड, मनाच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या, नसांच्या दुखण्याची प्रिगॅबालिन यांनीही वजन धरून राहतं. असं काही सुरू असेल तर स्वतःहून बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

आता तुमचे तीन प्रश्न. पोट मोठं झालं का? स्लीव्हमध्ये जठराचा 75 ते 80 टक्के भाग काढून टाकतात. उरलेल्या नळीला सुरुवातीला सूज असते, तेव्हा चार चमचेही जड जातात. सूज उतरली की वाटीभर अन्न मावायला लागतं, आणि सातव्या महिन्यात ते मावायलाच हवं, नाहीतर प्रथिनं जाणार कुठून? भूक परत लागते हेही अपेक्षित आहे. भूक चेतवणारं घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः काढलेल्या भागात तयार होत असे, म्हणून पहिले काही महिने भूक अगदी मरते. पुढे शरीर जुळवून घेतं आणि ती थोडी जागी होते. भूक लागली याचा अर्थ ऑपरेशन फसलं असा होत नाही.

‘रिसेट’ करू नका. पाच दिवस पातळ घेऊन जठर आकसत नाही. दोन किलो उतरलेले दिसतील, ते पाणी आणि थोडा स्नायू असेल, आणि सहाव्या दिवशी पोळी खाल्ली की पाणी परत येईल. मोबाइलवर हे व्हिडिओ करणारे तुमच्या टाक्यांना आणि तुमच्या रक्तातल्या बी-12 ला जबाबदार नाहीत.

नवरात्राचं मनापासून सांगते. आपल्याकडे उपासाचं खाणं म्हणजे साबुदाणा, भगर, बटाटा, राजगिऱ्याचा लाडू, शेंगदाण्याची आमटी. नऊ दिवस यावर काढले तर प्रथिनं 20 ग्रॅमवर येतील आणि कॅलरी कमी होणार नाहीत. निर्जळी तर मुळीच नको, तुमच्या शरीराला एका वेळी भरपूर पाणी पिऊन भरपाई करता येत नाही. पहिल्या वर्षी उठता-बसता, म्हणजे पहिला आणि शेवटचा दिवस धरा, आणि त्या दोन दिवशीही दूध, दही, पनीर आणि प्रोटीन पावडर चालू ठेवा. सासूबाईंना समजावणं जड जात असेल तर सर्जनकडून चिठ्ठीवर लिहून आणा. मी अशा चिठ्ठ्या लिहून घेतल्या आहेत, घरची मोठी माणसं कागदाचा मान ठेवतात.

थांबून न राहता सर्जनला दाखवायचं ते केव्हा: घट्ट अन्न उतरतच नाही, वारंवार उलटी होते, रात्री छातीत आंबट येऊन जाग येते, किंवा एकदम पूर्वीइतकं जेवण जायला लागलं. उलट्यांबरोबर पाय बधिर होत असतील, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील तर त्याच दिवशी दवाखान्यात जा, बी-1 कमी झाल्याची ती लक्षणं असतात आणि उशीर परवडत नाही.

वर्ष-दीड वर्षानंतरही वजन फार वर अडकलं तर आज औषधांची जोड देता येते. सेमाग्लुटाइड आहे, 2025 पासून टिर्झेपटाइडही भारतात मिळतं. तुमच्या बाबतीत सातव्या महिन्यात मी तो विषय काढणार नाही. दोन वर्षांनंतर थोडं वजन परत येतं हेही आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे तेव्हा धक्का बसणार नाही. स्वीडनमध्ये लठ्ठपणाची ऑपरेशनं झालेल्यांच्या 1987 पासून चाललेल्या मोठ्या पाहणीत वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सगळ्यात खाली गेलं, नंतर थोडं वर आलं, आणि दहा वर्षांनी जठराचं बायपास (लठ्ठपणावरचं दुसरं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन मूळ वजनापेक्षा सरासरी 25 टक्के कमी होतं.

चार आठवड्यांनी मला पुन्हा लिहा. पोटाचा घेर, टीएसएचचा आकडा आणि तीन दिवसांचं खाणं, त्यातला एक दिवस रविवारचा. आज रात्री अर्धी वाटी घट्ट मुगाचं वरण, पनीरचे चार तुकडे आणि दोन चमचे भाजी एवढं वाढून घ्या, आणि घरच्यांबरोबर बसून जेवा.